अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३३ लाख ६१ हजार भरली. जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५० हजार लेकरं जन्मतात. जगाची सरासरी बघा, हजार बाळांमागं आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष सापडतो. गुणाकार केला की ४०० ते ४५० येतात. म्हणजे एकट्या नांदेड जिल्ह्यात रोज एकाहून जास्त. देशाचा आकडा वर्षाला दोन लाखांच्या घरात जातो.

यातले बरेचसे दोष म्हणजे बारीक छिद्रं असतात, काही आपोआप बुजतात. पण पाचातल्या एका बाळाला तरी पहिल्याच वर्षात उपचार लागतात. हे बाळ शोधायचं कसं? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. लोहा तालुक्यात सोनखेड असो, माळाकोळी असो की माळेगाव, पद्धत एकच. वजन, उंची, छातीला स्टेथोस्कोप, बोटाला पल्स ऑक्सिमीटर. निरोगी लेकराच्या बोटावर ऑक्सिजनचा आकडा ९७-९८ टक्के दिसतो. तिथं ७८ दिसला आणि नखं निळसर असली, की कागद नांदेडकडे आणि पुढं बहुतेक वेळा मुंबईकडे निघतो. घरचे लोक एवढंच सांगतात, ‘लेकराच्या काळजाला छिद्र हाय.’

या काळजाचे आकडे बघा. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं जेमतेम पाव लिटर. त्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये ५० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी. म्हणजे पाव लिटरात सव्वा लाख कोटी! लाख कोटी हा शब्द आपण एरवी अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकतो. मिनिटाला १४० ठोके धरले तर दिवसाचे दोन लाख होतात. मिनिटाला सुमारे ६०० मिलिलिटर रक्त पुढं ढकललं जातं, दिवसाला साडेआठशे लिटरहून जास्त. रक्त मात्र तेच पाव लिटर, दर पंचवीस सेकंदांना एक फेरी पुरी करणारं.

हे आकडे ऐकून आपण तोंडात बोट घालतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याची झोप उडवणारे आकडे मात्र फार छोटे असतात.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळ्या पडलेल्या बाळाची हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडली. कल्पना हेलन टॉसिग यांची. तंत्र आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर बसवलं ते विवियन थॉमस यांनी. आज त्याच कामाला गोअर-टेक्स नावाच्या कृत्रिम पदार्थाची छोटी नळी वापरतात, व्यास ३.५ किंवा ४ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण नळीतून संथ वाहणाऱ्या द्रवाचा एक कडक नियम आहे : दोन टोकांतल्या दाबाचा फरक तोच राहिला, तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. ३.५ ची नळी ४ ची केली की व्यास वाढतो १४ टक्के आणि प्रवाह वाढतो ७० टक्के. ३ ऐवजी ४ घेतली तर तिपटीच्या वर. रक्त जास्त गेलं तर फुप्फुसं तुंबतात, कमी गेलं तर बाळ निळंच राहतं. अर्ध्या मिलिमीटरच्या अलीकडे एक संकट, पलीकडे दुसरं.

काही बाळांच्या हृदयात दोन पंपांऐवजी कामाचा पंप एकच असतो. त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फोंताँ यांनी १९६८ मध्ये एक धाडसी शस्त्रक्रिया केली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. अंगभर फिरून आलेलं अशुद्ध रक्त उजव्या पंपाला वगळून फुप्फुसांकडे वळवायचं. तिथं ढकलायला पंप नाही. शिरांमधल्या १०-१५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर रक्तानं फुप्फुसं पार करायची. सुरुवातीला मध्ये हृदयाचा वरचा कप्पा ठेवत, त्याच्या आकुंचनाची मदत होईल म्हणून. १९८८ मध्ये लंडनच्या मार्क द लेव्हाल आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत नळ्या आणि कप्पे मांडून पाहिलं, तर तो कप्पा मदत करण्याऐवजी भोवरे उठवून शक्ती खात होता. मग तो गाळून शिरा सरळ फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडण्याची पद्धत पुढं आली.

पण शिरा दोन. वरची खाली येते, खालची वर जाते आणि दोन्ही एका आडव्या रक्तवाहिनीला मिळतात. विहिरीची आणि बोअरची मोटार समोरासमोरून एकाच पाइपात सोडली तर काय होतं, हे लोह्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. इथंही दोन धारा एकमेकींवर आदळतात. अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये अजित योगनाथन यांच्या प्रयोगशाळेनं हे काचेच्या नळ्यांत तपासलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन्ही शिरांची तोंडं समोरासमोर न ठेवता एक-दीड व्यासाइतकी सरकवली तर वाया जाणारी शक्ती बरीच कमी होते.

असा प्रयोग कसा मांडतात, ते पाहू. रुग्णाच्या एमआरआयवरून रक्तवाहिन्यांचा पारदर्शक साचा बनवतात. त्यात साधारण ४० टक्के ग्लिसरीन आणि ६० टक्के पाणी फिरवतात. हे मिश्रण जवळपास रक्ताइतकंच दाट असतं आणि त्यातून आरपार दिसतं. त्यात सुमारे १० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, पोकळ काचेचे मणी सोडतात. लेझरचा पातळ पडदा त्यातून जातो आणि कॅमेरा काही मिलिसेकंदांच्या अंतरानं दोन फोटो घेतो. कुठला मणी किती सरकला यावरून वेग कळतो, भोवरे दिसतात.

मोजायचं काय? मिलिवॉट. मोठ्या माणसाच्या हृदयाचा डावा पंप विश्रांतीतही साधारण एक वॉट काम करतो. फोंताँच्या जोडणीतून मिनिटाला तीन लिटर रक्त जाताना फक्त एक मिलिमीटर पाऱ्याचा दाब वाया गेला, तर नुकसान होतं सुमारे ७ मिलिवॉट. एवढ्यात टॉर्चचा दिवाही धड पेटणार नाही. पण दुसरा पंपच नाही, तिथं हे सात मिलिवॉट आणायचे कुठून? शिवाय मूल पळायला लागलं आणि प्रवाह दुप्पट झाला, की वळणांवरचा दाबाचा तोटा साधारण चौपट होतो आणि शक्तीचा आठपट. सातचे पन्नासाच्या वर जातात.

दुसरी अडचण यकृताची. यकृतातून आलेलं रक्त दोन्ही फुप्फुसांना मिळावं लागतं. ज्या फुप्फुसाला ते पोचत नाही, तिथं वर्षांनुवर्षांत चुकीच्या रक्तवाहिन्या फुटतात आणि मूल पुन्हा निळं पडू लागतं. जोड सरकवला तर शक्ती वाचते, पण वाटणी बिघडू शकते. म्हणून प्रत्येक मुलाचा हिशेब वेगळा.

हा हिशेब आता संगणकही करतो. त्याची एक ठळक सुरुवात १९९६ मधल्या मिलान आणि लंडनच्या संयुक्त कामात दिसते. धरा, रक्तवाहिनीचे २० लाख तुकडे केले आणि एका ठोक्याचे १००० क्षण. प्रत्येक तुकड्यात वेगाचे तीन घटक आणि दाब, असे चार आकडे. एका ठोक्याला ८०० कोटी उत्तरं झाली, आणि चित्र स्थिर व्हायला असे अनेक ठोके चालवावे लागतात. तरी संगणक म्हणतो तेच अंगात घडेल असं नाही. खालच्या शिरेला जोडायची, इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली नळी पडद्यावर फायद्याची दिसली. रुग्णांमध्ये तो फायदा सगळ्यांना सारखा मिळाला नाही.

२०१९ च्या एका अंदाजानुसार जगात फोंताँ शस्त्रक्रिया झालेली ५० ते ७० हजार माणसं होती. अनेकांच्या छातीत तीन-चार वर्षांच्या वयात बसवलेली, १६ ते २० मिलिमीटर व्यासाची नळी असते. मूल वाढतं, नळी वाढत नाही. तिशीतल्या शरीराला पुरेल अशी नळी तिसऱ्या वर्षी निवडायची, हा प्रयोगशाळेचा आजचा खरा प्रश्न आहे. लोह्याहून मुंबईला जाऊन आलेल्या आई-बापांसाठी त्यातून एक काम निघतं : शस्त्रक्रियेच्या फाइलीत नळीचा व्यास लिहिलेला कागद असतो, तो जपून ठेवायचा आणि लेकरू खेळायला लागलं, शाळेत जाऊ लागलं, तरी सांगितलेल्या वेळी तपासणी चुकवायची नाही. वीस वर्षांनी समोर बसलेला डॉक्टर पहिल्यांदा तोच आकडा विचारील.