गोरेपणाची जाहिरात आणि आपल्या लेकींची त्वचा

टीव्हीवरच्या जाहिरातीत सावळी मुलगी कशी दिसते, आठवून पाहा. नोकरीत नाकारलेली, लग्नात नापसंत झालेली. मग ट्यूब येते, मुलगी गोरी होते आणि तिचे नशीब उघडते.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. तिच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून बाप हळहळतो आणि सावळी लेक गोरी होऊन हवाईसुंदरी बनते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २००३ मध्ये ती जाहिरात पडद्यावरून गेली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या व्यक्तीला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा नियम केला. २०२० मध्ये क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, पण मनात बसलेले चित्र बदलले नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'रंग माझा वेगळा' मालिकेची नायिका सावळी होती. पण त्यासाठी अभिनेत्रीला मेकअप करून सावळे केले होते. सावळ्या मुलीची गोष्ट चालते, सावळी मुलगी मात्र चालत नाही!

या चित्राची किंमत आपल्या मुली चेहऱ्यावर मोजतात. जाहिरातीतल्या क्रीमने फरक पडला नाही की मेडिकलमधून किंवा ब्युटी पार्लरमधून 'जालीम' ट्यूब आणली जाते. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येते, लव वाढते, उन्हात आग होते. क्रीम थांबवताच त्रास उसळतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती सहज मिळतात.

काही क्रीममध्ये पारा असतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असे अनेक रुग्ण सापडले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाळालाही पाऱ्याचा धोका असतो.

हे लक्षात ठेवा :

• ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा हायड्रोक्विनोन लिहिले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नका.

• उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी किंवा बॅच नंबर नसलेली डबी घेऊ नका. 'सोन्या-चांदीला लागू देऊ नये' अशी सूचना असेल, तर पाऱ्याचा संशय घ्या.

• स्टेरॉइड क्रीम बरेच दिवस लावले असेल, तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ट्यूब घेऊन जा. ते कसे बंद करायचे, हे डॉक्टर सांगतील.

• क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर, चेहऱ्यावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम लगेच थांबवून लघवी तपासून घ्या.

आपला सावळा रंग मेलॅनिनमुळे असतो. हेच मेलॅनिन उन्हापासून त्वचेचे रक्षण करते. तो आजार नाही, मग त्यावर औषध कशाला?

आणि एक काम आपल्याच घरातले. आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर आजही 'रंग' हा रकाना असतो. शिक्षण विचारा, नोकरी विचारा, रक्तगट आणि सिकलसेलची तपासणी जरूर विचारा. रंगाचा रकाना मात्र खोडून टाका. तो आपण खोडला, तर लेकीला ट्यूब आणावीशी वाटणार नाही.