उंचावर चालणारा वेग खाली का चालत नाही?

धर्माबादवरून उंच जाणारे जेट विमान ताशी सुमारे 850 किलोमीटर वेगाने जाते. मग संगणकावरील सिम्युलेटरमध्ये नांदेडहून एअरबस ए-320 उडवताना, जमिनीलगत ताशी 650 किलोमीटर ओलांडताच धोक्याची सूचना का वाजते? एखाद्या विद्यार्थ्याने असे विचारले, तर ‘तसा नियम आहे’ एवढ्याने भागणार नाही.

विमानाला सोसावा लागणारा हवेचा दाब = घनता × वेगाचा वर्ग ÷ 2. समुद्रसपाटीला घनमीटरभर हवेचे वस्तुमान सुमारे 1.2 किलोग्रॅम असते, 11 किलोमीटर उंचीवर 0.36. वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन मुलांना गणित करू द्या. वर ताशी 850 आणि खाली ताशी 463 किलोमीटर (250 नॉट), दोन्हींचे उत्तर जवळपास एकच येते: चौरस मीटरला सुमारे एक टन वजनाइतके. खाली ताशी 650 किलोमीटरला (350 नॉट) ते जवळजवळ दुप्पट होते. ए-320ची मर्यादा हीच.

याशिवाय 10,000 फुटांखाली सर्वसाधारणपणे 250 नॉटचा नियम असतो. तो गर्दीसाठी आहे: दुसरे विमान दिसून वळायला वेळ हवा. 16 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कवर दोन विमानांची टक्कर होऊन 134 माणसे दगावली. त्यानंतर अमेरिकेत विमानतळांजवळ ही मर्यादा आली. पक्षी आदळला तरी आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गानेच वाढते.

सिम्युलेटरमध्ये ही चूक निर्धोकपणे करता येते. ती मुलांना करू द्यावी, आणि मग कागदावर गणित मांडायला सांगावे.