माळ्यावर कोण चालतंय?

भुताखेतांच्या गोष्टी वाचायला आवडतात का, असं चारचौघींत विचारून बघा. निम्म्या जणी म्हणतील, "छे गं बाई, रात्री झोप लागत नाही," आणि उरलेल्या निम्म्या गालातल्या गालात हसतील. खरं सांगायचं तर चोरून वाचतात दोघीही! मी स्वतः त्यातलीच. पण असली पुस्तकं कुठं आणि कधी वाचावीत याचा विचार न करता वाचली की काय होतं, ते मी खोडाळ्याला असताना पुरतं अनुभवलं.

गोष्ट १९७८ च्या पावसाळ्यातली. ह्यांची बदली खोडाळ्याला झाली होती. मोखाडा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. आता ते पालघर जिल्ह्यात येतं, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. कसाऱ्याला रेल्वेतून उतरायचं आणि विहीगावावरून एस.टी.नं घाट चढून यायचं. पावसाळ्यात धुकं असं उतरे की अंगणातली तुळस दिसेनाशी होई. आमचं घर कौलारू, वर लाकडी माळा. वीज असून नसल्यासारखीच, त्यामुळे कंदिलाची काच पुसणं हे संध्याकाळचं पहिलं काम. माझी मुलगी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची. ह्यांना कामासाठी फिरतीवर जावं लागे, आणि माझ्या सोबतीला माहेरच्या वाचनालयातून आणलेली नारायण धारपांची दोन पुस्तकं!

एका रात्री माळ्यावर पावलं वाजली. चार पावलं, मग शांत. पुन्हा चार पावलं. मी बाळाला पोटाशी धरून उजाडेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या रात्री तेच. हे फिरतीवरून आले तेव्हा सांगितलं, तर हसून म्हणाले, "कादंबऱ्या वाचणं बंद कर." सासूबाईंना पत्र लिहिलं, तर त्यांनी अंगारा पाठवला. पावलं काही थांबेनात. मला जेवण जाईना, झोप येईना, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला.

किल्ला, भुयार आणि पळणारी मुलगी

पुष्कळ वर्षांनी मला कळलं की मी जे भोगलं, ते एका मोठ्या साहित्यप्रकाराचं कथानकच आहे. इंग्रजीत त्याला 'गॉथिक' म्हणतात. मूळ शब्द जुन्या, टोकदार कमानींच्या इमारतींचा. बोरीबंदरच्या स्टेशनची इमारत किंवा राजाबाई टॉवर आठवा, तीच ही धाटणी. अशा इमारतींत घडणारी भीतीची गोष्ट म्हणजे गॉथिक कथा. १७६४ साली होरेस वॉलपोल या इंग्रज गृहस्थानं 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' लिहिली आणि ही वाट पडली. तिच्यात ऐन लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलावर आभाळातून प्रचंड शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडून मरतो. मग त्याचा बाप, स्वतःची बायको जिवंत असताना, त्या नवरीशी आपणच लग्न करायला निघतो. ती बिचारी हातात दिवा घेऊन किल्ल्याखालच्या भुयारातून पळते. शिरस्त्राण अद्भुत खरं, पण मुलीला पळायला लावतो तो माणूस. हे विसरू नका.

पुढं ही लेखणी बायकांच्या हाती आली आणि तिला खरी धार चढली. अ‍ॅन रॅडक्लिफ या लेखिकेची 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' १७९४ साली निघाली. तिच्यातली अनाथ एमिली आत्याच्या नवऱ्याच्या डोंगरातल्या किल्ल्यात अडकते. रात्री आवाज येतात, काळ्या पडद्यामागं काहीतरी भयंकर आहे. शेवटी बाईसाहेब एकेका आवाजाचं साधं कारण सांगून टाकतात; पडद्यामागं तर मेणाचा पुतळा निघतो! पण एक गोष्ट खोटी ठरत नाही. त्या काकांना या बायकांची मालमत्ता स्वतःच्या नावावर करून हवी असते. भूत नव्हतं, पण सही मागणारा माणूस होता. आपल्याकडे स्त्रीधनापायी असे किती किल्ले उभे राहिले असतील!

मेरी शेलीची गोष्ट तर आपल्या पावसाळ्याला शोभणारी. १८१६ चा उन्हाळा, जिनिव्हा सरोवराचा काठ, आणि पाऊस थांबायचं नाव घेईना. घरात अडकलेल्या मंडळींत कवी बायरननं टूम काढली की प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहावी. मेरी तेव्हा अठरा वर्षांची. आदल्याच वर्षी तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं होतं. तिनं लिहिला तो 'फ्रँकेन्स्टाइन', मेलेल्या अवयवांत जीव ओतणाऱ्या माणसाची गोष्ट. तो १८१८ साली प्रसिद्ध झाला. बाळ गमावलेल्या आईनं ही कल्पना करावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मध्ये (१८४७) माळ्यावरून हसण्याचा आवाज येतो आणि तिथं मालकाची पहिली बायको कोंडलेली निघते. दाफ्ने द्यू मॉरिएच्या 'रेबेका'त (१९३८) दुसरेपणावर आलेल्या मुलीला मेलेली पहिली बायको घरभर जाणवत राहते. त्या दुसरीला तर कादंबरीत नावसुद्धा नाही! याच कादंबरीवरून आपल्याकडे १९६४ साली 'कोहरा' हा चित्रपट निघाला.

आणि माझ्या काळजाला भिडलेली शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची कथा 'द यलो वॉलपेपर', १८९२ सालची. बाळंतीण बाई, नवरा डॉक्टर. "विश्रांती घे, लिहू नकोस, विचार करू नकोस," म्हणून तो तिला वरच्या खोलीत ठेवतो. हळूहळू तिला भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीआड एक बाई सरपटताना दिसायला लागते. लेखिका स्वतः बाळंतपणानंतरच्या अशाच आजारातून आणि अशाच उपचारातून गेली होती.

आपली हडळ कोण?

आपल्याकडे किल्ल्यातली भुयारं नसतील, पण वाडे होते, विहिरी होत्या, पिंपळ होते. आणि भुतं? बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते, असं आपल्या आज्या सांगत. हडळीची पावलं उलटी असतात, हेही त्यांनीच सांगितलेलं. ज्या काळी घरटी एखादी बाई बाळंतपणात दगावे, त्या काळात हे भूत जन्मलं. जिवंतपणी जिच्याकडं कुणी पाहिलं नाही, तिची मेल्यावर सगळ्या गावाला धास्ती!

मराठीत हे भय घराघरांत नेलं ते नारायण धारपांनी (१९२५-२००८). त्यांनी विलायती कथाबीजं घेतली, पण ती मराठी वाड्यांत आणि वाड्यावस्त्यांत अशी रुजवली की परकी वाटू नयेत. रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) उलट केलं. त्यांच्या गूढकथेतलं भय बहुतेक वेळा बाहेरून येत नाही, ते माणसाच्या मनातच दबा धरून असतं. तुमच्याआमच्यासारख्या साध्या घरात, दिवसाउजेडीसुद्धा. २०१८ सालचा 'तुंबाड' चित्रपट तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. तो कोसळता पाऊस, तो पडका वाडा, खोलीत कोंडलेली म्हातारी आणि सोन्याची हाव. राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज धारपांच्याच एका कथेतून मिळालं.

रस्त्यावर येणारे राक्षस

आता पुन्हा खोडाळ्याकडे वळते. माझ्याकडे पाणी भरायला जवळच्या पाड्यावरची एक म्हातारी येई. तिनं माझा चेहरा पाहून विचारलं, "काय झालं बाय?" मी सांगितलं. ती हसली नाही आणि अंगाराही दिला नाही. म्हणाली, "आज मी इथंच निजते." रात्री पावलं वाजली तशी तिनं कंदील उचलला आणि माझा हात धरून शिडीशी नेलं. "तू पण बघ. एकटीनं बघायचं नाय." माळ्यावर दोन हिरवे डोळे चमकले आणि एक उदमांजर कौलाच्या फटीतून पसार झालं!

पुढं होळीनंतर तिनंच मला बोहाडा बघायला नेलं. जव्हार-मोखाड्याच्या भागात पावसाळ्याआधी हे सोंगांचे उत्सव होतात. रात्री मशाली पेटतात, संबळ वाजू लागतो आणि मोठमोठे मुखवटे घातलेली सोंगं एकेक करून येतात. आधी गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली पात्रं, रावण, राक्षस, आणि शेवटी देवी असुराला मारते. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे पिढ्यानपिढ्या घराण्यांत ठरलेलं. मशालीच्या उजेडात तो रावण पुढं सरसावला की पोरं किंचाळून आयांच्या पदरात शिरत आणि लगेच बाहेर डोकावत. मनात आलं, इथं भीती बंद खोलीत ठेवत नाहीत. तिला रस्त्यावर आणतात, सगळ्यांनी मिळून बघतात आणि पहाटे मुखवटा उतरवून ठेवतात.

पण म्हातारी त्या गर्दीतसुद्धा बाजूला, एकटी उभी होती. मी कारण विचारलं. तिनं सांगितलं नाही, दुसरीनं सांगितलं. विधवा, मूलबाळ नाही, झाडपाल्याचं थोडं औषध ठाऊक. पाड्यावर दोन पोरं तापानं गेली तेव्हा कुणीतरी कुजबुजलं की ही भुताळी आहे. तेव्हापासून तिच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. जिनं माझी भीती घालवली, तिलाच लोकांनी भीती करून ठेवलं होतं. आणि मी काय केलं? गप्प बसले. 'आपण परक्या, आपण कशाला पडा' असं म्हटलं. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. ते गप्प बसणं आजही मला उदमांजराच्या पावलांसारखं रात्री ऐकू येतं.

आज गप्प बसायला सबबसुद्धा उरलेली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि मग त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. एखाद्या बाईला चेटकीण किंवा भुताळी ठरवून छळणं हा त्यानुसार गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो.

एवढं लक्षात असू द्या

भयकथा जरूर वाचा, मुलांनाही सांगा. मात्र निजताना नको, दिवेलागणीला सगळी एकत्र असताना सांगा, आणि गोष्ट मध्येच तोडू नका. शेवट कळला की भीती निम्मी होते. "अंधारात बागुलबुवा आहे, जेव नाहीतर येईल" हा धाक मात्र कधीच घालू नका.

घरात बाळंतीण असेल आणि तिला सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. नसलेलं काही दिसतं किंवा ऐकू येतं असं ती म्हणाली, किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचं भलतंसलतं बोलली, तर त्याच दिवशी न्या आणि तोवर तिला एकटी ठेवू नका. तो आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे, आणि तो बरा होतो.

माझी मुलगी आता स्वतः आजी व्हायच्या वयाला आली, तरी पावसाळ्यात आली की म्हणते, "आई, माळ्यावरची गोष्ट सांग ना." इतकी वर्षं मी ती उदमांजरापाशी संपवत असे आणि सगळी हसत. अलीकडे मात्र मी तिथं थांबत नाही. बोहाड्यात एकटी उभ्या असलेल्या त्या म्हातारीपर्यंत गोष्ट नेते.