आवाज लावून बोलावलेला नवरंग

घरट्यांचे फोटो हा विषय या आठवड्यासाठी कबूल केला होता. तो पुढच्या खेपेस. मधेच चिपळूणच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि त्याने सगळी जागा खाल्ली. ‘आमच्या परसामागच्या राईत मेअखेरीला नवरंग येतो. सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो, पण दिसेल तर शपथ. मोबाइलवर त्याचाच आवाज लावला की पाच मिनिटांत पुढ्यात हजर. दगड मारत नाही, घरट्याला हात लावत नाही. मग यात बिघडलं काय?’

पुढ्यात येतो हे खरं. कशासाठी येतो, तेवढं बघायचं राहतं. पावसाच्या तोंडावर कोकणात येणारा नवरंग इथे वीण करायला आलेला असतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो हमखास बोलतो; तमिळमध्ये तर त्याचं नावच ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं आहे. ती दोन सुरांची शीळ म्हणजे हद्दीची पाटी: ही जागा घेतलेली आहे, पुढे जा. त्याच हद्दीत मोबाइल शीळ घालू लागला की नवरंगाच्या लेखी दुसरा नर घरात शिरला. खरा नर थोडी हुज्जत घालून निघून जातो. मोबाइल बॅटरी संपेपर्यंत हटत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याला हुसकावताही येत नाही.

प्रस्तुत लेखक काही धुतल्या तांदळाचा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जूनअखेरीच्या एका ओल्या सकाळी त्यानेही खिशातल्या छोट्या स्पीकरवर हाच उद्योग केला होता. तिसऱ्या शिळेला करवंदीच्या जाळीखालून नवरंग टुणटुणत आला. आखूड शेपटी, तिच्याखाली पेटता लाल रंग, आणि चोचीत दोन गांडुळं लोंबत होती. म्हणजे जवळपास पिल्लं होती. तो स्पीकरच्या दिशेने मान उंचावून उभा राहिला, गांडुळं पाचोळ्यात टाकली आणि ओरडायला लागला. फोटो झकास आला. गांडुळं तिथेच वळवळत राहिली. तो फोटो अजून लेखकाकडे आहे. भिंतीवर मात्र कधी लागला नाही.

गंमत अशी की हे भांडण दोघांपुरतं राहत नाही. मादी ऐकत असते. कॅनडात काळ्या टोपीच्या चिकडी नावाच्या पक्ष्यावर, म्हणजे आपल्याकडच्या वल्गुलीच्या भाऊबंदावर, एक प्रयोग झाला. तो २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. थव्यात वरचं स्थान असलेल्या नरांना ध्वनिमुद्रित आवाजाने गाण्याच्या जुगलबंदीत हरवण्यात आलं. प्रयोग काही मिनिटांचाच. पुढे त्यांच्या घरट्यांतल्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा हरवलेल्यांच्या घरात परक्या नरांची पिल्लं जास्त निघाली. नवरंगाच्या बाबतीतही असंच घडतं, असा याचा अर्थ नव्हे. पण स्पीकर बंद झाला म्हणजे प्रकरण मिटलं, असं मानायला फारशी जागा उरत नाही.

आता जरा आडवाट. आपला रानपिंगळा १८८४ नंतर शास्त्रज्ञांना सापडतच नव्हता. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या चिठ्ठीचा नाद सोडून पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी फिरले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! आणि या पक्ष्याचा आवाज तोवर कुणी ध्वनिमुद्रित केलेलाच नव्हता. वाजवायला काही नव्हतं, म्हणून झाडन् झाड डोळ्यांनी चाळावं लागलं. आज तो आवाज कुणाच्याही मोबाइलवर अर्ध्या मिनिटात उतरतो. मेळघाटात नाहीतर तानशात एका रविवारी चार गट चार वेळा तो लावणार असतील, तर त्या जोडप्याच्या वाट्याला सुट्टीचा दिवस कसला येणार?

साध्या पिंगळ्याचा आवाज लावून सुभग, शिंजीर, वटवटे गोळा करायची युक्तीही तशीच. शत्रू आला म्हणून खाणंपिणं टाकून कलकलाट करणारे ते जीव ‘किती धीट आहेत बघा’ म्हणून कॅमेऱ्यात जातात.

अभ्यासक प्लेबॅक वापरतात, हे कबूल. दडून राहणाऱ्या पक्ष्यांची गणना त्याशिवाय अवघड. पण तिथे किती मिनिटं वाजवायचं, कुठे, पुन्हा कधी, हे आधी ठरलेलं असतं आणि उत्तर मिळालं की आवाज बंद. विणीच्या काळात हौसेसाठी तो लावूच नये, असं या लेखकाचं मत. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी तर कुठल्याच काळात नको, कारण तिथे आपल्या आधी कोण वाजवून गेलं आणि मागून कोण येतंय, याचा पत्ता लागत नाही.

चिपळूणकरांना उपाय सोपा आहे. मोबाइल घरात ठेवावा. पहाटे साडेपाचला गोणपाट घेऊन राईच्या कडेला बसावं आणि फांद्यांकडे कमी, पाचोळ्याकडे जास्त बघावं. नवरंग जमिनीवर चरतो. पाचोळा खरखरला की हलू नये. आठ दिवसांत दिसला नाही, तर पुन्हा पत्र टाकावं. तोवर घरट्यांचं प्रकरण मार्गी लावू. त्यात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचायची आहे. रानपक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही तिच्यात बसतं.