वाकडं धनुष्य, सरळ बाण

संग्रहालयात काचेमागं एखादं जुनं लाकडी धनुष्य टांगलेलं असतं. कुठं गाठ आलेली, कुठं लाकूड सापासारखं वळलेलं, एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित तिरकं. समोर उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘असल्या वाकड्या लाकडानं कसली शिकार होणार? बाण वाकडाच जाणार!’ सोबतची मुलं मान डोलावतात आणि तो समज घेऊन घरी जातात. शिकलेल्या, वाचणाऱ्या माणसांकडूनही हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता गप्प बसवत नाही. हे साफ चूक आहे. शिवाय ज्यांनी अशा धनुष्यांवर हजारो वर्षं पोट भरलं, त्यांच्या कसबावर हा अन्याय आहे.

चूक कुठून येते, तेही उघड आहे. आपल्या मनातलं धनुष्य कॅलेंडरच्या चित्रांतून आणि पौराणिक मालिकांतून आलेलं आहे. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या, वळणं रेखीव, वर सोनेरी मुलामा. घरी तासलेलं लाकूड त्याशेजारी ओबडधोबड दिसणारच. पण धनुष्य म्हणजे एक स्प्रिंग. आपण ओढतो तेव्हा ती ताकद साठवते आणि सोडतो तेव्हा बाणाला देते. ती दिसायला कशी आहे याला महत्त्व नाही. ती वाकते कशी, याला आहे.

यातल्या तीन गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट दोरीची. वरच्या खाचेतून खालच्या खाचेकडे जाणारी दोरी मुठीच्या रेषेत पडली, की काम झालं. मधल्या वाटेत लाकूड डावीकडे झुकून पुन्हा उजवीकडे आलं, तरी बाणाला त्याचा पत्ता नसतो. बाणाला ढकलते दोरी, आणि दोरी तर सरळच असते. अमेरिकेतले कारागीर अशा नागमोडी धनुष्यांना ‘स्नेक बो’ म्हणतात आणि ती मुद्दाम, हौसेनं बनवतात.

याहून गमतीची बाब अशी, की अगदी सरळ धनुष्यातूनसुद्धा बाण ‘सरळ’ निघत नाही. मुठीच्या जागी लाकूड असतं, त्यामुळं बाण त्याच्या कडेला टेकलेला असतो. दोरी सुटल्याबरोबर तो माशासारखा लवतो, मुठीला वळसा घालतो आणि लवत लवतच लक्ष्याच्या रेषेवर येतो. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी संशोधकानं 1930 च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणानं हे दाखवून दिलं. म्हणजे नेम साधायला बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ताकदीशी जुळावा लागतो. बाण फार लवचीक असला किंवा फार ताठ असला, तर जगातलं सर्वांत देखणं धनुष्यही नेम चुकवेल.

दुसरी गोष्ट वाकण्याची. कारागीर अर्धवट तासलेलं धनुष्य भिंतीतल्या खुंटीवर मुठीशी टेकवतो, दोरी वीतभर खाली ओढतो आणि चार पावलं मागं जाऊन बघत राहतो. पातं, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा भाग, कुठं ताठ राहतंय आणि कुठं एकाच जागी मोडल्यासारखं वाकतंय, हे त्याला बघायचं असतं. मग ताठ जागेवर पोटाच्या बाजूनं खरवडणीचे चार हात मारायचे, दुबळ्या जागेला बोटही लावायचं नाही, आणि पुन्हा खुंटीवर टांगायचं. असा दिवस जातो, कधी दोन. सरतेशेवटी दोन्ही पाती आपापल्या लांबीभर ताण वाटून घेतात. उभं असताना लाकूड कितीही वेडंवाकडं दिसो, ताण असा वाटला गेला असेल तर ते चांगलं धनुष्य. आणि पट्टीनं आखल्यासारखं सरळ असूनही एकाच जागी बिजागरीसारखं वाकत असेल, तर ते वाईट धनुष्य. कसोटी एवढीच.

तिसरी गोष्ट पाठीची. धनुष्याची नेम धरणाऱ्याकडची बाजू म्हणजे पोट आणि लक्ष्याकडची म्हणजे पाठ. ओढताना पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. पाठीवरचे लाकडाचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड हवेत. आता त्या गाठीकडे जवळून बघा. ओढ्यातल्या दगडाला पाणी जसं दोन्हीकडून वळसा घालून पुढं जातं, तसे तंतू गाठीभोवती वळलेले असतात. ‘सफाई’ म्हणून तिथं रंधा मारला, की नेमके तेच तंतू तुटतात. पूर्ण ताण आला, की तुटल्या जागी बारीक चिरफळी उठते आणि धनुष्य कडाडून मोडतं. म्हणून जाणता कारागीर गाठीभोवती जास्तीचं लाकूड ठेवतो आणि तिथं उंचवटा राहू देतो. लाकूड जिकडं वळलंय तिकडंच पातंही वळवतो. वाकड्या झाडातून सरळ फळी कापून केलेलं धनुष्य देखणं दिसेल, पण त्याचे तंतू मध्येच कापलेले असतील. संग्रहालयात ज्याला आपण ओबडधोबड म्हणून हसतो, तो कारागिराचा आळस नसतो. ती त्याची समज असते. आपल्याकडच्या बांबूलाही हेच लागू आहे. बांबूचे सगळ्यांत चिवट तंतू सालीलगत असतात. पेरं तासून गुळगुळीत केली, की जोर तिथंच जातो.

‘हे सगळं पुस्तकी झालं, प्रत्यक्षात काय?’ असं कुणी विचारेल. प्रत्यक्षातला पुरावा कॅलिफोर्नियात आहे आणि तो नीट नोंदवलेला आहे. 1911 च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एकटा उरलेला माणूस लोकांसमोर आला. त्याची माणसं गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत संपली होती. आपलं नाव त्यानं कधीच सांगितलं नाही, म्हणून अभ्यासक त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, म्हणू लागले. 1916 मध्ये क्षयानं जाईपर्यंत तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले आणि 1918 मध्ये त्यांनी ती सविस्तर लिहून ठेवली.

इशीचं माप ठरलेलं होतं. हात आडवा पसरायचा आणि त्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जेवढं अंतर, तेवढं धनुष्य. लाकूड डोंगरी जुनिपरचं. पाठीला प्राण्यांच्या कंडरांचे धागे, तेही सामन माशाच्या कातड्याच्या सरसानं चिकटवलेले. ओढायला जोर लागायचा 40 पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण 18 किलो उचलण्याइतका. धनुष्य भिंतीला उभं टेकवून ठेवू नये, आडवं निजवावं, असा त्याचा दंडक होता. उभं राहिलं तर ते काम करत राहतं आणि थकतं, असं तो म्हणे. आणि बाणाच्या बाबतीत त्याचा हट्ट बघण्यासारखा होता. हेझलची काडी वाळवायची, निखाऱ्यावर धरायची, तापलेला बाक दाबून काढायचा, लांबीवरून नजर लावून बघायचं आणि पुन्हा निखाऱ्यावर धरायची. एकही वळण उरता कामा नये. धनुष्याच्या लाकडाला जे माफ होतं, ते बाणाच्या काडीला नव्हतं.

आखलेल्या निशाणावर नेम मारण्यात पोप आणि त्यांचे मित्र इशीला मागं टाकत. तो खेळ त्याचा नव्हताच. जंगलात मात्र तो 10 ते 50 यार्डांवरून हरीण टिपायचा, कारण तिथवर पोचणं त्याला येत होतं. वारा बघायचा, तासन्‌तास दबा धरायचा, ओठांनी सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढायचा आणि सावज जवळ आणायचा. धनुष्याची शिकार अशी असते. तिचा निम्म्याहून अधिक भाग दोरी ओढण्याआधीच होऊन गेलेला असतो.

आणखी पुरावा हवा? डेन्मार्कमध्ये 1944 साली होल्मेगार्डच्या दलदलीत एल्म लाकडाची धनुष्यं सापडली, सुमारे 9000 वर्षांपूर्वीची, बारीक खोडातून तासलेली. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे जहाज 1545 मध्ये बुडालं. त्यातून यू लाकडाची 170 हून अधिक धनुष्यं वर आली, ती गाठींसकट. राजाच्या आरमारासाठी बनवतानासुद्धा कारागिरांनी गाठींभोवती लाकूड राखलं होतं. दोन्ही पाती सारखी हवीत असा हट्ट असेल, तर जपानचं ‘युमी’ बघा. त्याची मूठ मधोमध नसतेच, खालून साधारण एक तृतीयांशावर असते.

आणि कायद्याची साक्ष. ज्या कॅलिफोर्नियात इशी राहिला, तिथं आज परवाना काढून धनुष्यानं शिकार करता येते. तिथला नियम सांगतो, की बाणाचं पातं किमान सात अष्टमांश इंच रुंद हवं आणि धनुष्यानं शिकारीचा बाण किमान 130 यार्ड फेकला पाहिजे. लाकूड सरळ हवं असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

मग खरा दोष कुठला? पाठीवर आडवी चीर, उठलेली चिरफळी, एकाच जागी वाकणारं पातं, पोटावर दाबानं पडलेल्या बारीक सुरकुत्या. यातलं काहीही दिसलं तर धनुष्य बाजूला ठेवावं. ते ओढणाऱ्याच्या तोंडावर मोडू शकतं, आणि अर्धवट ताकदीचा बाण प्राण्याला नुसता जखमी करून सोडतो. शिकाऱ्यानं लाज वाटून घ्यायची ती याची, गाठीची नव्हे.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज : धनुष्य जितकं कडक, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : जे ओढून हात न थरथरता धरता येतं, तेच चांगलं.

गैरसमज : बाण गोळीसारखा धक्क्यानं मारतो.
वस्तुस्थिती : 32 ग्रॅमचा बाण सेकंदाला 45 मीटर वेगानं गेला, तरी त्यात साधारण 32 जूल ऊर्जा असते. हरणासाठीच्या रायफलच्या गोळीत हजारो जूल. बाण कापतो आणि रक्तस्रावानं मारतो. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेला, 5300 वर्षांपूर्वीचा ‘ओट्झी’ असाच मेला. त्याच्या डाव्या खांद्यात चकमकीच्या दगडाचं बाणाचं टोक निघालं, आणि त्यानं मोठी रक्तवाहिनी कापली होती.

गैरसमज : दगडी टोक बोथट.
वस्तुस्थिती : ज्वालामुखी काचेचं ताजं टोक मांसात पोलादापेक्षा खोल जातं, हे पोप यांनी प्रयोगानं तपासलं होतं.

गैरसमज : धनुष्य कायम चढवून ठेवलं तर तयार राहतं.
वस्तुस्थिती : लाकूड त्याच बाकात बसतं आणि जोर गमावतं. काम झालं की दोरी उतरवावी.

गैरसमज : बाण न लावता दोरी सोडली तर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : बाणानं न्यायची ऊर्जा पात्यांतच परत जाते आणि धनुष्य मोडू शकतं.

गैरसमज : आपल्याकडे आदिवासींना तिरकमठ्यानं शिकारीची सूट आहे.
वस्तुस्थिती : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 9 नं शिकारीवर बंदी आहे, आणि शिकारीचा प्रयत्नही त्यात धरला जातो. 2006 च्या वनहक्क कायद्यानं परंपरागत हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. 1972 च्या कायद्यात शिकारीच्या हक्काचा अपवाद आहे तो निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींचा, कलम 65 मध्ये. आपल्या जंगलात आज धनुष्यानं रानससाही मारता येत नाही, आणि तसंच असायला हवं.

पण शिकार थांबली म्हणून त्यामागचं ज्ञान टाकाऊ ठरत नाही. भिल्लांच्या कमठ्याला दोरीसुद्धा बांबूच्या चिवट कामठीची असते. एकाच बांबूतून धनुष्य आणि दोरी काढायला तंतू वाचता यावे लागतात. असं धनुष्य पुढच्या वेळी काचेमागं दिसलं, तर सोबतच्या मुलाला दोन गोष्टी दाखवा : गाठीभोवती राखलेलं लाकूड आणि शेजारी ठेवलेल्या बाणाची काडी. धनुष्य वाकडं असेल, पण ती काडी सरळ असेल.