स्टिअरिंगचा सिलिंडर गळतोय? सील आणण्याआधी रॉड बघा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर. हायड्रॉलिक स्टिअरिंगचं काम उरकायला हीच वेळ. चाक फिरवूनही बोट उशिरा वळत असेल, ऑईल सारखं कमी होत असेल, तर आधी सिलिंडर बघा. रॉड पुसून चाक एका बाजूला शेवटपर्यंत फिरवा. रॉडवर ऑईल आलं तर बाहेरचं सील गेलं. कुठेच ओल नाही, तरी चाक फिरतच राहतं? मग सिलिंडरच्या आतलं पिस्टनचं सील किंवा चाकाजवळचा पंप तपासावा लागेल.

पैसे वाया जातात ते पुढे. रॉडवरून नख फिरवा. खाऱ्या पाण्याने खड्डे पडले असतील, तर नवं सील थोड्याच फेऱ्यांत फाटतं. तिथे रॉड नाहीतर अख्खा सिलिंडरच बदललेला बरा. रॉड गुळगुळीत असेल तर सील किटवर भागतं.

जोडणीनंतर हवा काढायचीच. सिलिंडरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत चाक फिरवायचं, तोवर पंपात ऑईल भरत राहायचं. ऑईल कंपनीने सांगितलेलंच. ब्रेक ऑईलने सील फुगून खराब होतात. आणि सुकाणू हाताने वळवायचा दांडा बोटीवर असू द्या, सिलिंडर नवा असला तरी.