गोमंतकांतील गांवची इगर्ज व तिचा उन्हाळा

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्याच्या घरच्या दप्तरांतील सुट्या मोडी कागदांची यादी करण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें होतें. त्यांत गोव्याहून आलेलें एक लहानसें पत्र निघालें. त्यावर तिथि नव्हती, शकही नव्हता. सांजांवाच्या सणास दोन दिवस उरले आहेत, होडी मिळत नाहीं, सबब माल पडून राहिला आहे, एवढाच काय तो मजकूर. सांजांव म्हणजे सेंट जॉन, व त्याचा दिवस म्हणजे इंग्रजी पुस्तकांतून वाचलेला ऐन उन्हाळा, एवढ्या पुस्तकी ज्ञानाच्या बळावर होडी न मिळण्याचें कारण मी कोठल्या तरी दंग्यांत अथवा स्वारींत शोधूं लागलों. त्यांत दोन महिने गेले. शेवटीं बार्देशांतील एका वृद्ध शेतकऱ्यास सहज विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “मास्तर, सांजांवाला आमच्या बांवी तोंडोतोंड भरलेल्या असतात. त्या पुरांत होडी कोण घालील?” कारण आकाशांत होतें आणि मी तें दप्तरांत शोधीत होतों.

अशी चूक इतरांकडून होऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. त्यांत सांगावयाचें तें थोडक्यांत असें कीं, चर्चच्या पंचांगांतील सण ज्या आकाशाखालीं नेमले गेले तें आकाश निराळें होतें. गोव्याच्या खेड्यानें तारीख तीच ठेविली, परंतु त्या तारखेस करावयाचें काम आपल्या ऋतूचें घातलें. हें ध्यानांत ठेवल्यावांचून गोमंतकांतील जुन्या कागदांचा अर्थ नीट लागत नाहीं.

(१) इगर्ज आणि गांवकरी

पोर्तुगीज ‘इग्रेझा’ या शब्दाचें गोमंतकी रूप ‘इगर्ज’, व त्या इगर्जेच्या हद्दींतील वस्ती ती ‘फिर्गज’. तेथील मुख्य धर्मगुरु तो ‘विगार’. हे शब्द परभाषेंतले खरे. परंतु त्यांच्या खालीं असलेली व्यवस्था जुनी आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वीं गांवची जमीन गांवकरांची समाईक असे; तिचें उत्पन्न देवालय, बांध, पाटबंधारे व गांवचे सेवक यांच्या खर्चास लागे, आणि शिल्लक राहील ती गांवकरांत ‘जोण’ म्हणून वांटली जाई. अफोंसु मेशिय यानें इ. स. १५२६ मध्यें जो ‘फोराल’ केला त्यांत या गांवकरीच्या चालीरीति लिहून ठेविल्या आहेत. पुढें १५४१ मध्यें तिसवाडींतील देवळांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चसंस्थेकडे लावण्यांत आलें; साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं. या घटनांचें दुःख लपविण्याचें कारण नाहीं. तथापि संशोधकानें हेंही पाहिलें पाहिजे कीं, खर्च करणारे हात पुष्कळ ठिकाणीं तेच राहिले. देवळाच्या उत्सवाचा मान जसा पाळीपाळीनें जाई, तसाच इगर्जेच्या ‘फेस्ता’चा भार ‘कोन्फ्राद’ म्हणजे बंधुमंडळाच्या सभासदांकडे पाळीनें येऊं लागला. ज्याची पाळी त्याला ‘फेस्तकार’ म्हणतात. मेणबत्त्या, वाजंत्री, दारूकाम, पाहुण्यांचें जेवण हा सर्व खर्च त्याच्या माथीं. आणि तो त्यानें नीट केला कीं नाहीं, याची चर्चा पुढच्या फेस्तापर्यंत पुरते.

(२) वैशाख : पुरुमेंताचे दिवस

कोंकणांतील उन्हाळ्याचें मुख्य काम म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दावरून तिला गोव्यांत ‘पुरुमेंत’ म्हणतात. सुकी मासळी, मीठ, मिरची, चिंच, आमसोलें, कांदे, गूळ व तांदूळ हें सर्व मृग लागण्यापूर्वीं घरांत यावें लागतें. यासाठीं भरणारे बाजार चर्चच्या सणांस जोडलेले आहेत. मडगांवच्या ‘पवित्र आत्म्या’च्या इगर्जेचें फेस्त पेंटेकोस्टला, म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशीं येतें; तें तर ‘पुरुमेंताचें फेस्त’ याच नांवानें ओळखलें जातें. भाविक प्रार्थनेस जातो आणि परततांना मिरच्यांचें पोतें आणतो.

म्हापशाच्या सेंट जेरोम इगर्जेंतील ‘मिलाग्र सायबिणी’चें फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारीं होतें. तेथें हिंदू व ख्रिस्ती दोघेही तेल वाहतात. लोककथेप्रमाणें ही सायबीण शिरगांवच्या लईराई देवीची बहीण. एकीकडून तेल जातें, दुसरीकडून मोगरीचीं फुलें येतात. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस भरते. या दोन दिवसांची जवळीक यदृच्छेनें आलेली नाहीं, हें थोडें गणित केल्यास दिसून येईल.

ईस्टर म्हणजे २१ मार्च रोजीं अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणजे पौर्णिमेपासून ईस्टरपर्यंत एक ते सात दिवस. ईस्टरपासून तिसऱ्या सोमवारपर्यंत पंधरा दिवस. एकूण अंतर सोळा ते बावीस दिवसांचें. ती पौर्णिमा चैत्रांतील असेल तर पंधरा दिवसांनीं अमावास्या होऊन सायबिणीचें फेस्त वैशाख शुद्ध प्रतिपदा ते सप्तमी यांच्या आंत पडतें. पंचमी त्याच सप्ताहांत आहे. चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढलेली असल्यामुळें एखाद्या दिवसाचा फरक पडेल, इतकेंच. उदाहरणार्थ, इ. स. २०२५ मध्यें वैशाख शुद्ध पंचमी २ मे रोजीं आली व मिलाग्र सायबिणीचें फेस्त ५ मे रोजीं. परंतु ईस्टरची पौर्णिमा फाल्गुनांतील निघाली म्हणजे दोघी बहिणी दूर जातात. २०२४ मध्यें फेस्त १५ एप्रिल रोजीं व पंचमी १२ मे रोजीं झाली. दोन्ही उत्सव एकाच चंद्रावर चालतात, म्हणून बहीणभावाची कथा लोकांच्या मनांत टिकली. एक गणित रोमचें, दुसरें आपल्या पंचांगाचें. मोगऱ्याच्या बहराला मात्र दोन्हींची सारखीच ओळख आहे.

(३) वाड्यावरचा क्रूस व लदीन

३ मे हा क्रूसाचा सण, आणि मे महिना मेरी मातेचा. या दिवसांत वाड्यावाड्यावरील क्रूसांस चुना लागतो, फुलें चढतात, सायंकाळीं शेजारी जमून ‘लदीन’ म्हणजे नामावळीची प्रार्थना गातात. लॅटिन शब्द, व्हायोलिनची साथ, आणि शेवटीं उकडलेल्या चण्यांची खिरापत. क्रूस वाड्याचा असल्यामुळें लदिनीचा खर्चही वाडाच करितो.

हें गायन कोणी शिकविलें, हा प्रश्न मज शाळामास्तरास विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. इगर्जेस लागून गांवची एक शाळा असे. तीत ‘मेस्त’ म्हणजे गुरुजी मुलांना अक्षरें, प्रार्थना व पाश्चात्य स्वरलेखन शिकवी आणि तोच इगर्जेतील गायकवृंद चालवी. पुढें मुंबईपर्यंत ज्या गोमंतकी वादकांची कीर्ति झाली, त्यांची पहिली तालीम बहुधा अशाच ओसरीवर झालेली असे. मेस्ताच्या हातच्या स्वरलेखनाच्या वह्या हेंही एक हस्तलिखित साहित्यच होय; आमच्या संग्राहकांच्या यादींत तें अद्याप शिरलेलें नाहीं.

(४) ज्येष्ठ-आषाढ : विहीर आणि सांगड

आतां त्या पत्रांतल्या सांजांवाकडे वळूं. सेंट जॉनचा जन्मदिन २४ जून. बायबलांतील कथेप्रमाणें तो ख्रिस्ताहून सहा महिन्यांनीं वडील, म्हणून नाताळच्या सहा महिने आधीं त्याचा दिवस. युरोपांत हाच काळ सर्वांत मोठ्या दिवसाचा. त्या रात्रीं पोर्तुगालांत होळ्या पेटवून त्यांवरून उड्या मारितात. तोच दिवस गोव्यांत आला तेव्हां मृग सरून आर्द्रा लागलेल्या. ओलें सरपण पेटणार कसें? उडी राहिली, परंतु ती विस्तवावरून निघून विहिरींत गेली. पानाफुलांचे मुकुट घालून तरुण घरोघर फिरतात आणि गांवच्या विहिरींत व ओढ्यांत उड्या टाकतात. बार्देशांतील शिवोली गांवीं शृंगारलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. सेंट जॉननें ख्रिस्तास यार्देन नदींत स्नान घातलें व मातेच्या उदरांत असतांना त्यानें आनंदानें उडी मारिली, या दोन्ही कथांचा आधार पाण्यांतल्या उडीस सहज मिळाला. या दिवशीं नव्या जांवयास सासुरवाडीचें आमंत्रण असतें; आपल्याकडील दिवाळसणाची आठवण व्हावी, असाच तो थाट.

पांच दिवसांनीं, २९ जून रोजीं, सेंट पीटरचा सण. हा प्रेषित मूळचा कोळी. गोव्यांतही तो कोळ्यांचा. समुद्र खवळलेला असल्यामुळें या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्यांतल्या दोन एकत्र बांधून, त्यांवर फळ्या टाकून, चर्चची प्रतिकृति उभारून लोक गातवाजवीत नदींतून जातात. याला ‘सांगोड’ म्हणतात. बार्देशांत कांदोळीस हा उत्सव पाहावयास मिळतो. आपण मराठींत दोन गोष्टींची ‘सांगड घालतों’ ती हीच. मूळ शब्द संस्कृत ‘संघाट’, म्हणजे लांकडें एकमेकांस जोडणें. ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथांत पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके एकत्र बांधून केलेल्या ‘संगर’ नांवाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. तो शब्दही याच कुळांतला समजतात. संत रोमचा, होडी कोळ्याची, आणि शब्द दोहोंहून जुना.

(५) बर्फाची माता व भाताचें कणीस

साष्टींतील राय गांवची इगर्ज ‘बर्फाच्या माते’ची आहे. तिचा सण ५ ऑगस्ट. रोम येथें ऐन उन्हाळ्यांत एका टेकडीवर बर्फ पडलें, त्या जागीं मेरीचें मंदिर बांधलें, अशी मूळची आख्यायिका. ज्या मुलखानें बर्फ कधीं पाहिलें नाहीं तेथें या सणाला काय काम उरावें? परंतु याच सुमारास गोव्यांत भाताचीं पहिलीं कणसें बाहेर पडतात. म्हणून रायेस त्या दिवशीं शेतांतून नवें कणीस कापून, आशीर्वाद देऊन इगर्जेंत आणतात. हेंच ‘कोणसाचें फेस्त’. इतर गांवांतून तें ऑगस्टांतल्या पुढच्या तारखांस होतें; ताळगांवास २१ ऑगस्ट रोजीं. गणेशचतुर्थीच्या सुमारास हिंदु घरांत ‘नवें’ आणतात, तोच हा विधि. पिकलें म्हणून साजरें केलें, इतकें त्याचें कारण साधें आहे.

(६) निष्कर्ष

या चालींविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक, हें सर्व पोर्तुगीजांनीं आणलें. दुसरें, हें सर्व हिंदूंचेंच असून वरून फक्त झगा चढविला. दोन्ही मतांना आळसाची बाधा झाली आहे. जुन्या चाली किती घट्ट होत्या हें पाहावयाचें तर इन्क्विझिशननें इ. स. १७३६ मध्यें काढलेलें फर्मान वाचावें. लग्नांतील गाणीं, अंगणांतील तुळस, धोतर, चोळी अशा कित्येक गोष्टींची त्यांत मनाई आहे. धर्मान्तरास दोन शतकें होत आलीं तरी जी गोष्ट मना करावी लागते, ती चालूच असली पाहिजे. मनाईचा कागद हाच अस्तित्वाचा पुरावा. परंतु विहिरींतली उडी, सांगोड व कणीस यांचें मूळ केवळ धर्मांत शोधूं नये. तें पावसांत, नदींत आणि शेतांत आहे. हा प्रकार परकीय पंचांगाचाच आहे असेंही नाहीं. आपल्या संस्कृत ऋतुगणनेंत ज्येष्ठ व आषाढ हे ग्रीष्माचे मास; कोंकणांत मात्र ज्येष्ठांतच नांगर चिखलांत असतो. गांवकऱ्यानें अमरकोशास दोष दिला नाहीं, रोमच्या कोष्टकासही दिला नाहीं. आभाळ पाहून काम केलें.

संग्राहक बंधूंस एवढीच विनंति. फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्या छापाची एकही प्रत उरलेली नाहीं, हें आपण सारे जाणतों व हळहळतों. परंतु ज्या इगर्जांच्या छायेंत हें वाङ्मय वाढलें, तेथील बंधुमंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, फेस्तकारांच्या याद्या, मेस्तांचें स्वरलेखन, जन्ममृत्यूच्या नोंदी, आणि गांवकरीचे गोंयकानडी लिपींतील कागद, यांकडे पोथी नव्हे म्हणून आपण पाठ फिरवितों. अमुक वर्षीं तेल किती लागलें, होड्यांस काय दिलें, कोणाची पाळी चुकली, हें त्यांतच सांपडावयाचें. वाळवीस पोथी आणि वही सारखीच गोड लागते. दप्तरें सोडून त्यांना वारा देण्याची आपली रीत उन्हाळ्यांतली. तेव्हां वैशाखांत गोव्याकडे जाणाऱ्यानें सायबिणीचें दर्शन झाल्यावर गांवच्या विगारास नम्रपणें विचारावें, त्याच्या अनुमतीनें नकल उतरून घ्यावी, व मूळ कागद जेथल्या तेथें ठेवावा. मात्र मृग लागण्यापूर्वीं परतावें. पुढें होडी मिळत नाहीं.